रानकुत्र्यांची टोळी आणि अस्वल समोरासमोर आले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागझिरा, नवेगाव, ताडोबा, पेंच, मेळघाट या जंगलांच्या काठावरच्या गावांतून आणि सफारी करून परतलेल्या लोकांकडून हे प्रश्न आम्हाला सतत येतात. फेब्रुवारी उलटला की जोर वाढतो. पाणी आटायला लागतं, मोहफूल पडायला लागतं आणि माणूस, अस्वल, रानकुत्रे असे तिघेही त्याच वाटांवर येतात. सारखे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. उद्या पहाटे मोह वेचायला जायचं असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १४ वाचा.

१. रानकुत्रा म्हणजे नेमका कोणता? गावात फिरतात ती मोकाट कुत्रीच ना?

नाही, रानकुत्रा हा वेगळाच प्राणी. कोळसुंदा, कोळशिंदा, ढोल ही त्याचीच नावं. अंग तांबूस विटकरी, शेपूट झुपकेदार आणि काळी, कान गोलसर. वजन साधारण १० ते २० किलो, म्हणजे गावातल्या मध्यम कुत्र्याएवढंच. गावकुत्र्यासारखा तो भुंकत बसत नाही. दाट झाडीत टोळी पांगली की शिळेसारख्या आवाजाने एकमेकांचा माग ठेवतात. दातांतही फरक आहे. गावकुत्र्याला ४२ दात, रानकुत्र्याला ४०, कारण खालच्या जबड्यातली दोन्हीकडची शेवटची दाढ त्याला नसते.

हा फरक लक्षात ठेवायचं कारण साधं आहे. मोकाट कुत्र्यांनी केलेलं नुकसान गावात बरेचदा रानकुत्र्याच्या नावावर खपतं, आणि रानकुत्रा तर जगभरात धोक्यात आलेला प्राणी आहे.

२. आपल्याकडचं अस्वल मांस खातं का?

क्वचित. विदर्भात आहे ते काळं, झिपऱ्या केसांचं, छातीवर पांढुरका पट्टा असलेलं अस्वल. त्याचं मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. त्यासाठी निसर्गाने त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात काढून घेतले आहेत. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज शांत जंगलात लांबून ऐकू येतो. त्याखेरीज मोहफूल, टेंभरं, बोरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा, मध. मेलेल्या जनावराला कधीतरी तोंड लावेल, पण शिकारीवर त्याचं पोट नाही.

नराचं वजन ८० ते १४० किलोच्या घरात जातं, मादी त्याहून हलकी. पुढच्या पायांची नखं बोटाएवढी लांब. ती वारूळ फोडायला आहेत, पण अंगावर आलेल्यालाही तीच लागतात.

३. मग हे दोघं एकमेकांच्या वाटेत येतात तरी कुठे?

तीन ठिकाणी.

सगळ्यात जास्त गाठी पाण्यावर पडतात. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, गोंदियाकडचे नाले कोरडे पडतात, बोड्यांत (लहान तळ्यांत) चिखल उरतो आणि मैलोन्‌मैल जंगलाला एकच पाणवठा राहतो. सकाळ-संध्याकाळ सगळेच तिथे.

दुसरी जागा म्हणजे खडकाळ टेकड्या. अस्वल दिवसभर कपारीत पडून असतं. रानकुत्र्यांनाही पिल्लं घालायला अशीच कपार, नाल्याच्या काठचं बीळ किंवा साळिंदराने सोडलेलं घर लागतं. दोघांच्याही विणीचा काळ थंडीत येतो. ही गोष्ट पर्यटकांच्या नजरेत येत नाही, कारण थंडीत टेकड्यांवर कोणी जात नाही.

तिसरी, चालता चालता पडलेली गाठ. रानकुत्रे दिवसा फिरणारे, अस्वल बहुतेक रात्री आणि झुंजुमुंजूला. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा तास-दीड तास मात्र दोघांचाही असतो.

४. भाऊ, रानकुत्रे अस्वलाले मारू शकतेत काय? सरळ सांगा.

पूर्ण वाढलेलं, धडधाकट अस्वल? जवळजवळ नाहीच. तसं घडणं अगदी अपवाद. पिल्लू, फार म्हातारं किंवा जखमी अस्वल असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न ८).

टोळीत दहा-बारा जण, अस्वल एकटं, म्हणून टोळी जिंकणार असं गणित लोक मांडतात. तेच रानकुत्रे सांबर पाडतात हे पाहिलेलंही असतं. पण सांबर पळतं. पळणाऱ्या जनावराला मागून, बगलेतून चावे घेत दमवणं हीच रानकुत्र्यांची सगळी विद्या आहे. अस्वल थोडं पळतं, मग वळतं आणि थेट अंगावर येतं. त्याच्या मानेवर आणि खांद्यावर इतके दाट लांब केस असतात की चावा कातडीपर्यंत नीट पोचतच नाही.

आणि मुख्य म्हणजे हिशेब. रानकुत्रा पंधरा किलोचा. अस्वलाचा एक फटका बसला तर जबडा मोडेल किंवा पाय. टोळीत बहुतेक वेळा एकच जोडी विते आणि बाकी सगळे मिळून पिल्लं पोसतात, शिकारीवरून येऊन मांस ओकून भरवतात. त्यातला एक जायबंदी झाला तर झळ सगळ्या टोळीला लागते. समोर चितळ असताना हा सौदा कोणती टोळी करेल? म्हणून ती अस्वलाला छेडते, अजमावते आणि बहुतेक वेळा सोडून देते. कोण बलवान, यापेक्षा कोणाला किती किंमत मोजावी लागेल यावर हा सामना ठरतो. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीला धरून आहेत.

५. खायचं नाही, मारायचं नाही, मग रानकुत्रे त्याच्या मागे लागतातच कशाला?

कारणं वेगवेगळी. जवळ त्यांची पिल्लं असतील तर अस्वलाला तिथून हुसकावून लावणं हाच हेतू असतो. अस्वलाबरोबर पिल्लू असेल तर ते हाती लागतं का, हे बघणं असतं. टोळीत वर्षाच्या आतली तरुण पोरं असतील तर कुतूहल आणि हुंदडणंही असतं. ती कशाच्याही मागे लागतात, आणि मोठे रानकुत्रे लांब उभे राहून बघत असतात. व्हिडिओत ‘हल्ला’ म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी या तिसऱ्या प्रकारच्या असतात. शेपट्या वर, उड्या मारत पुढे-मागे, दात लागतच नाहीत. खरा हल्ला शांत असतो, आणि त्यात सगळ्यांचा रोख एकाच बाजूकडे असतो.

६. अशी गाठ पडली की नेमकं काय काय होतं?

क्रम बहुधा असा असतो.

आधी रानकुत्र्यांना अस्वल कळतं, अस्वलाला रानकुत्रे उशिरा. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, सगळी भिस्त नाकावर. त्यातून ते वारुळात तोंड खुपसून बसलेलं असेल, वारा उलटा असेल, तर टोळी अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. टोळी अर्धवर्तुळात पसरते. एक-दोघे समोर राहून लक्ष वेधतात, बाकीचे मागे सरकतात.

अस्वलाला जाग आली की ते आधी आवाज करतं. गुरगुरणं, मग किंकाळीसारखं ओरडणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज अस्वलाचा आहे हे पटत नाही. मग ते मागच्या पायांवर उभं राहतं. अंदाज घ्यायला आणि आपण केवढे आहोत हे दाखवायला. तिथून दोन-चार फुसक्या धावा: अंगावर येऊन मध्येच थांबणं. रानकुत्रे तेवढ्यापुरते उधळतात आणि पुन्हा जमतात. बैलाच्या पाठीवरच्या गोमाशांसारखं हे चालतं. शेपटीने हाकलल्या की उडतात, पण जात नाहीत.

रानकुत्र्यांचं लक्ष अस्वलाच्या मागच्या अंगावर असतं. पार्श्वभाग, मांड्या. तिथे दात लावून लगेच मागे हटायचं. म्हणून अनुभवी अस्वल पाठ झाकतं: खडकाला, वारुळाला, करवंदीच्या जाळीला पाठ लावून बसतं आणि फक्त तोंड आणि पुढचे पंजे बाहेर ठेवतं. अशी जागा मिळाली की सामना संपल्यातच जमा. रानकुत्र्यांनाही हे कळतं, त्यामुळे खरोखर मारायचा विचार असेल तर ते अस्वलाला कपारीकडे जाऊच देत नाहीत; गुहेच्या आणि त्याच्या मध्ये येऊन त्याला मोकळ्या माळावर ठेवायला बघतात. टोळी अस्वल आणि खडक यांच्यामध्ये उभी दिसली तर प्रकरण गंभीर समजावं. अस्वल आधीच खडकाला टेकलेलं असेल तर थोड्या वेळात टोळी निघून जाईल.

७. अस्वल तर झाडावर चढतं. मग सरळ झाडावर का जात नाही?

चढतं, पण मधासाठी आणि फळासाठी. जीव वाचवायला चढणं ही त्याची सवय नाही. या अस्वलाचा सगळा वंश वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढला, आणि बिबट्या झाडावरही येतो. मोकळ्या रानात नेहमी जवळ झाड असेलच असंही नाही. त्यामुळे पळ काढण्यापेक्षा उलटून अंगावर जाणं हे त्याच्या स्वभावात मुरलं. रानकुत्र्यांपुढे झाड खरं तर उत्तम उपाय ठरला असता, कारण ते चढू शकत नाहीत. बिबट्या टोळीपासून सुटायला हेच करतो. अस्वल मात्र बहुतेक वेळा जमिनीवरच निकाल लावतं. माणसाच्या बाबतीतही अस्वल हेच करतं, म्हणून हे उत्तर प्रश्न १४ बरोबर वाचा.

८. पिल्लं सोबत असली तर?

तेव्हा सामना खरा.

अस्वलीण थंडीत कपारीत विते. बहुधा एक किंवा दोन पिल्लं. दोन-तीन महिने ती त्यांना आतच ठेवते आणि पिल्लं बाहेर पडतात ती उन्हाळा लागताना. म्हणजे पाणी कमी, सगळे प्राणी पाणवठ्यावर, आणि पिल्लं मांजराच्या पोरापेक्षा जरा मोठी अशा नेमक्या वाईट वेळी.

यावर तिच्याकडे एक उपाय आहे आणि तो फार सुंदर आहे. पिल्लं तिच्या पाठीवर बसतात. खांद्यावरचे लांब केस पंजांनी घट्ट धरून ती महिनोन्‌महिने तशीच हिंडतात. जगातल्या अस्वलांच्या आठ जातींत पिल्लांना असं नेमाने पाठीवरून नेणारी हीच एक. धोका दिसला की जमिनीवरचं पिल्लू धावत येऊन पाठीवर चढतं, आणि आई लढते तीही पिल्लू पाठीवर घेऊनच. झाडाचा आसरा न घेणाऱ्या जातीला पिल्लू वाचवायची ही रीत सापडली, असं अभ्यासक मानतात.

रानकुत्र्यांना यातून वाट काढायची असते ती पिल्लू खाली पडलं तर किंवा आई एकाच्या मागे लांब धावली तर. दोन पिल्लं असतील आणि एकच वेळेवर चढलं, तर दुसऱ्याचं कठीण. अनुभवी आई म्हणून लांब धाव घेतच नाही. दोन पावलं पुढे जाते, लगेच मागे येते. पहिलटकरीण इथे फसते.

पिल्लांची आई दिवसाउजेडीही बरीच फिरते, कारण रात्री वाघ-बिबटे आणि मोठे नर अस्वल यांचा तिला धाक असतो. पण दिवस हा रानकुत्र्यांचा. एका भयातून सुटायला ती दुसऱ्याच्या वेळेत येते.

९. टोळी वीस-पंचवीसची असली तर मग हरेल ना अस्वल?

मोठ्या टोळ्या दिसतात, पण त्यात बरीचशी त्या वर्षीची पोरं असतात. लढाईला उपयोगी मोठे त्यातले निम्मे धरा. शिवाय अस्वलाला टेकायला जागा मिळाली की समोरून एका वेळी तीन-चार जणच येऊ शकतात. बाकीचे गर्दी करतात. मोठी टोळी असली तर छेडछाड लांबते, अस्वल जास्त दमतं, उन्हात ते त्याला जड जातं. पण निकाल सहसा तोच.

एकटा-दुकटा रानकुत्रा मात्र अस्वलाच्या नादी लागत नाही. तो बाजूने निघून जातो.

१०. रानकुत्रे वाघाला पळवतात म्हणे. मग अस्वल काय चीज आहे?

या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. टोळीने वाघाला शिकारीवरून उठवल्याचे, त्याच्याभोवती कालवा केल्याचे प्रसंग आहेत. पण वाघाने रानकुत्रे मारल्याचेही आहेत, आणि वाघ जिथे जास्त तिथे रानकुत्रे जपूनच राहतात. वाघ निघून जातो तो बहुधा कटकट नको म्हणून.

वाघ अस्वलाला मारून खातो, हेही खरं. तो एकटा, जड, मागून झडप घालून मानेवर पकड घेणारा. रानकुत्र्याकडे यातलं काहीच नाही. तरीही अस्वल समोरून भिडलं तर वाघालाही विचार करावा लागतो. २०१८ मध्ये ताडोबात मटकासुर या वाघाशी पाणवठ्यावर झुंजलेल्या अस्वलिणीची चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पिल्लू सोबत होतं, म्हणूनच ती इतकी पेटली.

‘अ’ने ‘ब’ला पळवलं, ‘ब’ने ‘क’ला मारलं, म्हणून ‘अ’ ‘क’ला मारेल, असा हिशेब जंगलात लागत नाही.

११. आमची आजी सांगायची की रानकुत्रे शेपटीने मूत उडवून जनावराला आंधळं करतात. अस्वलालाही तसंच करतात का?

ही समजूत विदर्भातच नाही, रानकुत्रा जिथे जिथे आहे तिथे बहुतेक सगळीकडे ऐकू येते. खरी नाही. रानकुत्र्याच्या मुताने कोणी आंधळं होत नाही.

पण समजूत कशावरून आली असावी हे कळतं. रानकुत्रे झुडपांवर मुतून आपल्या हद्दीची खूण करतात, आणि कधी कधी पुढच्या दोन पायांवर उभं राहून, मागचं अंग पार हवेत उचलून मुततात. हे ज्याने पाहिलं तो विसरणार नाही. वाटांच्या फाट्यावर सगळी टोळी एकाच जागी विष्ठा करते, तीही खूणच. आणि घेरलेल्या जनावराच्या डोळ्यांना, थोबाडाला जखमा झालेल्या असतात, त्यामुळे मेल्यावर ते आंधळं झाल्यासारखं दिसतं.

आजीचं निरीक्षण बरोबर होतं, असं घरी जरूर सांगा.

१२. रानकुत्र्यांची शिकार अस्वल हिसकावून घेतं का? बाहेरच्या व्हिडिओत अस्वल लांडग्यांची शिकार पळवतं.

ते अस्वल वेगळं. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९९५ पासून लांडगे पुन्हा आणून सोडले, तेव्हापासून तिथलं तपकिरी अस्वल त्यांच्या शिकारीवर येऊन बसतं आणि लांडग्यांना बरेचदा हटावं लागतं. त्या अस्वलाला मांस हवं असतं, कारण पुढे थंडीत झोपून काढायचे महिने असतात. विदर्भातल्या अस्वलाला वर्षभर काही ना काही मिळतं. ते थंडीत झोपून राहत नाही आणि चितळाच्या मढ्यावरून टोळीशी वैर घेण्याचं त्याला कारण नसतं.

दुसरं असं की रानकुत्रे खातात ते झपाट्याने. चितळाएवढं जनावर मोठी टोळी फार थोड्या वेळात संपवते. अस्वल वास काढत पोचेपर्यंत हाडं आणि कातडं उरलेलं असतं.

भूतान आणि ईशान्य भारतात रानकुत्रे हिमालयी काळ्या अस्वलालाही त्रास देतात. ते अस्वल झाडावर सहज चढतं, म्हणून तिथला प्रसंग आपल्यासारखा होत नाही.

१३. रानकुत्रे माणसाच्या अंगावर येतात का? आमच्या बकऱ्यांचं काय?

माणूस ही रानकुत्र्याची शिकार नाही. वाटेत भेटले तर थांबून बघतील आणि बाजूला होतील. इंग्रजांच्या काळात रानकुत्रा मारला की बक्षीस मिळायचं, तेव्हापासून त्याच्याविषयी जी वाईट बोलवा पसरली ती अजून गेलेली नाही. पिसाळलेला असेल तर कोणताही प्राणी चावू शकतो, तो अपवाद.

बकऱ्या, वासरं मात्र जंगलाच्या काठावर पडतात. असं झालं तर मढं हलवू नका, पुरू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा आणि पंचनामा करून घ्या. राज्याच्या नुकसानभरपाईच्या यादीत रानकुत्र्याचंही नाव आहे. दाव्यात ‘कुत्र्यांनी मारलं’ एवढंच लिहू नका, नाहीतर मोकाट कुत्री समजून अर्ज अडतो. मढ्यावर विष टाकण्याचा विचारही नको. तो गुन्हा आहे, आणि ते विष गिधाडापासून तुमच्या घरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना लागतं.

१४. मोह वेचायला पहाटे जावंच लागतं. अस्वल रानकुत्र्यांनी चिडवलेलं असेल तर काय करायचं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रानकुत्रे अस्वलाला मारत नाहीत, हे वर सांगितलं. पण नुकतंच घेरलं गेलेलं, धापा टाकणारं, पाठीवर पिल्लू असलेलं अस्वल जेव्हा झुडपातून निघतं आणि समोर टोपली घेऊन वाकलेलं माणूस दिसतं, तेव्हा ते माणसाला आणखी एक शत्रू समजतं. टोळी तोवर पांगलेली असते. मार माणसाला बसतो.

जाण्याआधी: एकट्याने जाऊ नका. चार-पाच जण मिळून, बोलत, गाणं म्हणत, काठी आपटत जा, म्हणजे अस्वलाला लांबूनच कळेल. नीट दिसेल एवढं उजाडू द्या. झुडपाला, वारुळाला, नाल्याच्या वळणाला लागून असलेल्या मोहाखाली शेवटी जा. लहान पोरं आणू नका.

जंगलात: शिळेसारखे आवाज, एकदम पळणारी चितळं, आणि त्यात अस्वलाची किंकाळी ऐकू आली तर आवाजाच्या दिशेने बघायला जाऊ नका. आलात त्याच वाटेने मागे फिरा. त्या दिवशीचा मोह गेला तरी चालेल.

अस्वल समोर आलं आणि त्याने अजून तुम्हाला पाहिलं नाही, तर हळूच मागे सरका. पाहिलं असेल तरी पळू नका. ते माणसापेक्षा वेगाने धावतं. सगळे जवळ जवळ उभे राहा, शांत आवाजात बोलत मागे हटा, त्याची वाट मोकळी सोडा. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये कधीच येऊ नका.

अंगावर आलंच तर पालथं पडा, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरांनी चेहऱ्याच्या बाजू झाकलेल्या. अस्वल चेहऱ्यावर आणि डोक्यावर मारतं, आणि आयुष्यभराची दुखापत तीच होते. धोका संपला असं वाटलं की ते बहुधा सोडून जातं; ते पुरतं लांब जाईपर्यंत उठू नका. शाळेतल्या पुस्तकात मेल्याचं सोंग घेतलेल्या मित्राला अस्वल हुंगून निघून जातं. इथे ते सोंग चेहरा आणि मान वाचवायला घ्यायचं, म्हणून उताणं पडायचं नाही.

जखम झाली तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवा, रक्त थांबवायला स्वच्छ कापड दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा. धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्याच. वनविभागाला कळवणं विसरू नका. उपचाराचा खर्च आणि मदत त्या पंचनाम्यावरच मिळते.

१५. मी माझा कुत्रा सोबत नेतो. अस्वल आलं तर तो भुंकून पळवेल ना?

उलटं होण्याची शक्यता जास्त. कुत्रा भुंकतो, अस्वल चिडतं, मागे लागतं, आणि घाबरलेला कुत्रा पळत येतो तो तुमच्याच पायात. मागोमाग अस्वल. शिवाय रानकुत्र्यांनी नुकतंच छळलेल्या अस्वलाला तुमचा कुत्रा आणखी एक रानकुत्राच. ढोरक्यांचे (गुराख्यांचे) कुत्रे कळपाबरोबर असतात आणि त्याची त्यांना सवय असते, तरी मोहाच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत कुत्रा घरी बांधलेला बरा.

यात रानकुत्र्यांचंही हित आहे. गावकुत्र्यांपासून त्यांना रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य रोग) होऊ शकतो, आणि एकत्र राहणाऱ्या टोळीत असा रोग आला की फार जीव जातात. गावातल्या कुत्र्यांना लस दिली तर दोघंही वाचतात.

१६. जंगलात मेलेलं अस्वल दिसलं, भोवती रानकुत्र्यांचे पाय उमटलेले. म्हणजे त्यांनीच मारलं?

एवढ्यावरून म्हणता येत नाही. रानकुत्रे मेलेल्यावरही येतात, आणि खायला सुरुवात बरेचदा मागच्या अंगापासूनच होते. म्हणजे मेल्यानंतरचे चावेही हल्ल्यासारखे दिसतात. पशुवैद्यक कातडीखाली बघतो: चावा जिवंतपणी पडला असेल तर आत रक्त साकळलेलं असतं, मेल्यावर पडला असेल तर नसतं. मानेवर खोल सुळ्यांच्या खुणा आणि ओढत नेल्याची खूण असेल तर वाघाची शंका घ्यावी. पायावर किंवा तोंडावर भाजल्याची रेघ असेल तर रानडुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेची. पंजे किंवा पित्ताशय गायब असेल तर शिकाऱ्याची.

म्हणून हात लावू नका, फोटो लांबून काढा, आजूबाजूचे माग तुडवू नका आणि वनविभागाला कळवा. अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं नख किंवा केस ‘आठवण’ म्हणून उचलणंही गुन्हा ठरतो. वीज देऊन मारलेलं अस्वल रानकुत्र्यांच्या नावावर घालवलं गेलं, तर तार तशीच राहते आणि पुढच्या वेळी तिच्यावर गावातला माणूस पडतो.

१७. सफारीत असा सामना दिसला तर जिप्सी कुठे थांबवावी?

लांब, आणि अस्वलाच्या खडकाकडे जाणाऱ्या वाटेत नाही. प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसं, टेकायला जागा मिळाली की अस्वल सुटतं. चार जिप्स्या त्या बाजूला उभ्या राहिल्या तर ती जागा त्याच्यापासून तुटते, आणि मग जे होतं ते जंगलाने केलेलं नसतं. गाइडला ‘अजून पुढे घ्या’ म्हणू नका. त्याला नियम माहीत आहेत. तुमच्या आग्रहामुळे त्याची पंचाईत होते.

पाणवठ्याच्या तोंडावर गाडी लावून तासन्‌तास बसणंही टाळा. पिल्लांची आई गाड्या पाहून परत फिरते आणि भर दुपारी येते, जेव्हा ऊन सगळ्यात कडक असतं.

१८. अस्वलाला रानकुत्र्यांपासून सोडवायला आम्ही ओरडलो, दगड मारले. चुकलं का?

भावना समजते. पण हो, असं करू नये. रानकुत्र्यांनाही पिल्लं आहेत, आणि शिकार करणं हाच त्यांचा जगण्याचा मार्ग. दगडाने टोळी पांगते, पण अस्वल तुमच्याकडे वळू शकतं. ते आधीच पेटलेलं असतं. गावाच्या हद्दीत, विहिरीजवळ किंवा घरांमध्ये असा प्रकार झाला तर लोकांना आत घ्या, गर्दी हटवा आणि वनविभागाला किंवा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला बोलवा. जाळीत अडकलेल्या अस्वलाभोवती दोनशे माणसं मोबाइल घेऊन उभी राहिली की त्याला सुटायला माणसांतूनच वाट काढावी लागते.

१९. रानकुत्रे गेल्यावर अस्वलाचं पिल्लू एकटंच झाडीत रडत बसलेलं सापडलं. घरी आणू का?

नाही. आई बहुतेक वेळा जवळच असते. टोळीला लांब नेऊन ती त्याच जागी परत येते, आणि पिल्लूही बरेचदा तिथेच दडून राहतं. तुम्ही उचललंत तर त्याला माणसाचा हात लागतो, आई शोधत गावापर्यंत येऊ शकते, आणि आई नसलेलं पिल्लू पुन्हा जंगलात सोडणं फार अवघड असतं. बहुधा ते पिंजऱ्यातच मोठं होतं.

जागा नीट लक्षात ठेवा, सगळ्यांना घेऊन लगेच मागे फिरा आणि लांब आल्यावर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. नुसतं ‘जंगलात’ असं सांगू नका. नाला, बोडी, टेकडी, कंपार्टमेंट (वनखंड) क्रमांक जे माहीत असेल ते सांगा. वनविभागाचे लोक लांबून नजर ठेवतात. पुरेशी वाट पाहूनही आई आली नाही, तरच पिल्लू हलवायचं, आणि ते काम त्यांचंच.